बिनचोचीचा पोपट

चोपड्याच्या प्रभावतीला संशय यायला कारण लागत नसे. कारण ती मागाहून शोधून काढायची, आणि दहातल्या चार वेळा ते सापडायचंही, म्हणून तर ही खोड सुटली नाही. पोदेर सकाळी पाव घेऊन आला की ती एकेक पाव दाबून बघणार, कालचा तर खपवत नाही ना. मासेवालीने वाटा मांडला की वरचे बांगडे उचलून खालचे बघणार. नवरा कधी नव्हे ते 'आज बरी दिसतंस' म्हणाला, तर हा कशासाठी गोड बोलतोय म्हणून दिवसभर त्याच्या मागे. नवरा बाबली बिचारा जन्मभर फेरीबोटीवर खलाशी होता. शिवोलीकडे पूल झाला, फेरी बंद पडली, तो निवृत्त होऊन घरी बसला आणि तेव्हापासून त्याने बायकोला बरं म्हणणंच सोडून दिलं.

अशा बाईच्या हातात गावाने प्रदर्शन दिलं. दिलं म्हणजे काय, कल्पनाच तिची. देवळाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी महिला मंडळ फुगड्या घालायचं आणि घरी जायचं. यंदा प्रभावती म्हणाली, गावातल्या माणसांनी हाताने केलेलं जे जे आहे ते सभामंडपात मांडूया. चित्रं, क्रोशाचे रुमाल, करवंटीचे दिवे, शंखशिंपल्यांचे गणपती, सगळं. बायकांना पटलं. शाळेत चित्रकला शिकवणारी समीक्षा, जेमतेम पंचविशीची पोरगी, ती चिटणीस झाली. शेजारची वत्सला मांडामांडीला आली. आणि तिथून सगळ्यांच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो विचारू नका.

देवस्थान समितीच्या गोकुळदासांनी पहिल्याच दिवशी बजावलं, खांबाला एक खिळा मारायचा नाही. मग चित्रं लटकवायची कशावर? बांबूचे सांगाडे आले. सांगाडे आले तर बाकडी कमी. बाकडी मिळाली तर प्रत्येकीला आपली वस्तू पंख्याखाली, म्हणजे गर्दी थांबेल तिथे हवी. कोणाच्या सुनेचं चित्र कोणाच्या लेकीच्या चित्रापेक्षा वीतभर खाली आलं म्हणून दोन घरांचं बोलणं बंद. प्रभावती सगळ्यांच्या मधे उभी राहून सगळ्यांना गप्प करायची. आपल्या वस्तूची जागा मात्र तिने कोणाला न विचारता आधीच धरून ठेवली होती. सभामंडपाच्या तोंडाशी, मधोमध. तिथे तिचं मण्यांचं तोरण लागायचं होतं.

आता या तोरणाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

प्रभावती आरोंद्याहून लग्न होऊन चोपड्याला आली तेव्हा घरात थोरली जाऊ होती, सरस्वती. कमी बोलणारी, कामाला वाघ. दुपारची जेवणं आटोपली की थोरली मण्यांचा डबा काढायची आणि धाकटीला समोर बसवायची. नक्षी कागदावर कुठेच नव्हती, सगळी थोरलीच्या डोक्यात. ती डोळे मिटून सांगायची, 'पांढरे तीन, हिरवो एक, परत पांढरे', आणि प्रभावती ओवायची. एकीचं तोंड, दुसरीचे हात. दोघींनी मिळून सासरच्या मोठ्या दारासाठी तोरण करायला घेतलं होतं. मधे कमळ, दोन बाजूंना एकमेकांकडे बघणारे दोन पोपट. एक पोपट पुरा झाला. दुसरा गळ्यापर्यंत आला आणि काम थांबलं.

थांबलं कशाने? तेलाच्या बाटलीने. घरच्या नारळांचं तेल, घाण्यावरून काढून आणलेलं, स्वयंपाकघरात बाटलीत असायचं. प्रभावतीला वाटायला लागलं की तेल भराभर उतरतंय. थोरली माहेरी पाठवते की काय? मग बाईसाहेबांनी एक दिवस बाटलीच्या मागच्या बाजूला कुंकवाची बारीक रेघ ओढली. खूण. दुसऱ्या दिवशी थोरलीने भाजी फोडणीला टाकायला बाटली उचलली, वळवली, रेघ बघितली. बाटली परत जागेवर ठेवली. पण त्या दुपारी मण्यांचा डबा निघाला नाही, आणि पुढे कधीच निघाला नाही. थोरल्या दिराला, सगुणला, डिचोलीकडे खाणीच्या वर्कशॉपात नोकरी होतीच. दोघं मुलाला घेऊन कारापूरला राहायला गेली आणि पुढच्या चवथीला त्यांनी आपला गणपती वेगळा केला. गोव्यात घरं एकदा वेगळी झाली तर लोक विचारत नाहीत. गणपती वेगळा झाला की मात्र विचारतात. प्रभावती सगळ्यांना सांगायची, नोकरी लांब पडते ना.

आणि तेल? तेल सासू पहाटे उठून गुडघ्यांना चोळत होती. हे प्रभावतीला थोरली गेल्यावर दोन महिन्यांनी कळलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तिने. म्हातारीला काही बोलली नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, कारापूरला तर नाहीच नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? लग्नाकार्यात दोघी जावा भेटायच्या. 'जेवलंस?' 'जेवलंय. तू?' एवढंच. अर्धं तोरण प्रभावतीच्या ट्रंकेत पडून राहिलं. थोरलीचा मुलगा प्रज्योत मोठा होऊन बोटीवर नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, मुलं झाली, एवढा काळ.

म्हणून हे प्रदर्शन. गावाला वाटलं बाईला हौस आहे. हौस कसली, तिला थोरलीला बोलवायचं होतं. 'चुकलंय' हा शब्द तिच्या जिभेवर कधी बसला नव्हता. तोरण पुरं करायचं, मधोमध लावायचं, आणि थोरली आली की तिने ते बघायचं. बघितलं की तिला कळेल. एवढाच तिचा बेत, आणि त्यासाठी वर्षभराची धडपड.

तोरण घेऊन बसली, पण दुसऱ्या पोपटाची चोच काही जमेना. पहिल्या पोपटावरून बघून करावी तर हा उलट्या बाजूला बघणारा. दोरा मागून घ्यायचा की पुढून, कुठल्या घरात वळवायचा, ते थोरलीलाच ठाऊक. प्रभावतीने ओवलं, उसवलं, परत ओवलं. पोपटाचा कावळा झाला. शेवटी तिने मान खाली घातली आणि वत्सलेला बोलावलं. वत्सलेचं माहेर कारापूरचं, थोरलीच्या घराला लागूनच.

"माहेरी जातंस ना? थोरलीक भेट. तिका सांग, प्रभान विचारल्यान, दुसऱ्या पोपटाची चोच कशी वळवची. आणि प्रदर्शनाक ये म्हणून सांग."

वत्सला गेली, दोन दिवस राहून आली. आली ती मागच्या दाराने घरात शिरली. प्रभावती कुंपणाशी वाटच बघत होती.

"भेटली?"

"भेटली गो."

"काय म्हणाली?"

"बरी आसा. चोचीचा मागीर सांगतंय, माका आता चूल पेटवची आसा." आणि वत्सला आत गेली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर दिसली नाही.

झालं. प्रभावतीच्या डोक्यात किडा शिरला. भेटली असती तर दोन वाक्यं तरी बोलली असती. म्हणजे एकतर ही भेटलीच नाही, नाहीतर थोरलीने नाही म्हणून सांगितलं आणि ही लपवते. नाहीतर, आणि हे तिला सगळ्यात जास्त पटलं, वत्सलेलाच तोरण पुरं व्हायला नको आहे. तोरण नाही झालं तर मधली जागा कोणाची? वत्सलेचा क्रोशाचा मोर तयारच होता. हाताएवढा मोर, पिसारा फुलवलेला.

पुढे चार-पाच दिवसांनी बाबलीचं वागणं बदललं. एका संध्याकाळी त्याला फोन आला, तो बोलत बोलत माडाखाली गेला आणि बराच वेळ परतला नाही. आल्यावर म्हणाला, माका सर्दी झाली, मी सोप्यार निजतंय. सर्दीचं एक लक्षण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजेला बसेना. "आज तूच कर," म्हणाला. हा माणूस तापाने फणफणलेला असताना सुद्धा देवांना दुसऱ्याचा हात लागू देत नसे. दुपारी मासेवाली ताजी सुंगटां घेऊन दारात आली तर म्हणाला, "नुस्तं नको आज." चापोरा नदीच्या काठावर जन्मलेला आणि नदीवरच नोकरी केलेला माणूस कोलंबीला नको म्हणतो, आणि वरण-भात तोही सोप्यावर, वेगळा बसून खातो. दाढी केली नाही. बायको जवळ गेली की हा दोन पावलं मागे.

प्रभावतीने मनाशी म्हटलं, खाई त्याला खवखवे. काहीतरी शिजतंय आणि हाही त्यात आहे.

देवळात गेली तर तिथे तेच. ती पायऱ्या चढली की बायकांची कुजबुज बंद. एकीला एकदम रांगोळीची आठवण व्हायची, दुसरीला पाण्याची. समीक्षा जवळ आली आणि म्हणाली, "काकी, तुमचा मोबाईल द्या ना दोन दिवस. प्रदर्शनाचा व्हिडिओ करायचा आहे, माझ्या मोबाईलात जागा नाही."

"तुझो मोबाईल नवो आसा मगे?"

"भरला, काकी." पोरीचे कान लाल झाले.

प्रभावतीने मोबाईल दिला, आणि देताना तिला वाटलं की हातातली किल्लीच काढून घेतली. मंडळाच्या ग्रुपवर आता काय लिहितील, कोणाला ठाऊक.

आणि मग शेवटचा घाव. त्याच दिवशी उतरत्या दुपारी, म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, वत्सला चाचरत चाचरत म्हणाली, "प्रभा, ऐकतंस? तुझा तोरण आपण भायल्या मांडवात लावया. सभामंडपात नको. भायर उजेड बरो आसा."

देवळाच्या अंगणात चहासाठी कापडी मांडव घातला होता. चहाच्या पिंपाजवळ तोरण लावा म्हणे.

प्रभावतीने सगळ्यांच्या देखत विचारलं, "आणि मधल्या जाग्यार काय लावतलंस? मोर?"

वत्सलेने खाली बघितलं. समीक्षा मधे पडली, "काकी, तसं नाही हो."

"कसं आसा ता सांग."

कोणी सांगेना. गोकुळदास सुद्धा, जे एरवी सुतळी कुठे बांधावी यावर अर्धा तास बोलत, ते घंटेकडे बघत उभे राहिले. प्रभावतीने स्वतः बाकड्यावर चढून, सांगाड्याला सुतळी बांधून तोरण मधोमध लावलं. एक पोपट पुरा. दुसरा गळ्यापर्यंत, आणि त्याच्या वर झेंडूची माळ, चोच नाही हे झाकायला. खाली उतरली तेव्हा तिला रडू येत होतं. वर्षभर जीव काढला आणि आता सगळी एक झाली. तिने ते रडू गिळलं आणि केरसुणी घेऊन सभामंडप झाडत बसली.

पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. वत्सलेच्या पिशवीत मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली एक लहानशी पुडी होती. वत्सला ती सारखी हाताने चाचपत होती, आणि घरी जाताना तिने ती बाबलीच्या हातात दिली. हातात सुद्धा नाही, गेटाबाहेरच्या ओट्याच्या कडेवर ठेवली आणि बाबलीने उचलली. ना ही त्याला शिवली, ना तो हिला. प्रभावतीने देवळाच्या जनेलातून हे बघितलं. माझ्या नवऱ्याला माझ्यापासून लपवून देण्यासारखं हिच्याकडे आहे तरी काय? तिने बाबलीला विचारलं नाही. विचारलं तर खोटं सांगेल, आणि एकदा खोटं ऐकलं की ते उकरत बसावं लागतं. उद्या दिवा लावला की बघू सगळ्यांना, असं तिने ठरवलं.

कारण उद्घाटनाचा दिवा तिने लावायचा होता. पाहुणे फीत कापणार आणि मंडळातली सगळ्यात जुनी बाई म्हणून समई प्रभावती पेटवणार, असं महिन्यापूर्वीच ठरलं होतं. थोरली येणार नाही, हे तिने मनाशी धरलं होतं. पण दिवा तरी माझा.

सकाळी देऊळ भरलं. नव्या साड्या, अबोलीचे वळेसर, पोरांची पळापळ. पाहुणे म्हणून बोलावलेले निवृत्त चित्रकला शिक्षक म्हापशाहून निघाले होते आणि वाटेत अडकले होते. प्रभावती वरच्या पायरीवर समईशेजारी उभी होती. तिथून तिला खाली अंगण दिसत होतं. बाबली अंगणाच्या गेटाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा. जुना शर्ट, वाढलेली दाढी. आज सुद्धा. सगळा गाव आत आणि हिचा नवरा गेटाबाहेर, परक्यासारखा.

मग त्याला फोन आला. तो ऐकत असताना त्याचा चेहरा उतरला. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि झपाझप चालत पायऱ्यांच्या तळाशी आला. पहिल्या पायरीला पाय लावला नाही.

"प्रभा, खाला ये."

"आता? पावणे येतले."

"येंव देत. तू खाला ये. आमका जावचा आसा."

"खंय?"

बाबलीने मान वळवली. आसपासच्या बायका आपापले पदर सावरायला लागल्या. हे तोंड चुकवणं प्रभावतीला गेल्या दोन दिवसांत चांगलं ओळखीचं झालं होतं.

"काय ता हंयसर येऊन सांगा," ती म्हणाली. "वर येवा."

तो आला नाही. पायऱ्यांकडे बघत राहिला. त्याने तिच्या हातातल्या काडेपेटीकडे, मग मागच्या तोरणाकडे बघितलं. त्याच वेळी वत्सला तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "प्रभा, तू वच गो. दिवो मी लावतंय."

बस्स. हेच ते. म्हणजे दोन दिवसांची सगळी कुजबुज यासाठी होती. बाकड्यावरून उतरवायला जमलं नाही, आता पायरीवरून उतरवतात, आणि ते पण नवऱ्याच्या तोंडून.

"दिवो लावल्याशिवाय मी हंयच्यान हालूची नाय," प्रभावती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या पोरापर्यंत ऐकू गेला.

बाबली तिथेच उभा राहिला. वत्सलेने डोळ्यांना पदर लावला. प्रभावतीने तो बघितला आणि तिला वाटलं, बरं झालं, रड.

पाहुण्यांची गाडी आली. नारळ, शाल, समीक्षाचं प्रास्ताविक. पोरगी दर वाक्याला अडखळत होती, कागद हातात असून. मग पाहुणे बोलायला उभे राहिले आणि बोलतच राहिले. कलेने माणूस मोठा होतो, असं काहीसं. खाली बाबली दर थोड्या वेळाने मोबाईल काढून बघत होता. प्रभावती त्याच्याकडे बघायची नाही म्हणून ठरवून बघत नव्हती. शेवटी फीत कापली, टाळ्या वाजल्या, आणि तिने काडी ओढली. समईच्या पाचही वाती तिने एकटीने पेटवल्या, कोणाला हात लावू दिला नाही. मग ताठ मानेने पायऱ्या उतरली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"आता सांगा."

"गाडयेत बस," बाबली म्हणाला.

गावातली एक व्हॅन रस्त्यावर उभी होती. गाडी मांद्र्याचा फाटा सोडून पुढे लागली. मग बाबली समोर बघतच म्हणाला, "वयनी गेली."

प्रभावतीला आधी कळलंच नाही. थोरली कुठे गेली?

"परवा सांजवेळा. पंधरा दीस हॉस्पिटलात होती. तुका सांगू नका म्हणून तिणीच सांगल्यान. प्रभाचा प्रदर्शन आसा, तिचा मन उडतला म्हणून."

मग त्याने बाकीचं सांगितलं, तुटक तुटक. प्रज्योत बोटीवर, त्याला यायला वेळ लागणार म्हणून देह ठेवला होता. आज सकाळी तो मोप्याच्या विमानतळावर उतरला. अंत्यविधी संध्याकाळी चारला ठरला होता. तोपर्यंत तुझा दिवा लावून झाला असता आणि मी तुला सांगून वेळेत घेऊन गेलो असतो. पण भटांनी पंचांग बघून सांगितलं, दुपारी अमावास्या लागते, त्याआधी काढा. म्हणून फोन आला. म्हणून बोलावत होतो.

"थंयच कित्याक सांगूक नाय?"

"पायरेर सांगू?" बाबली म्हणाला. "ऐकलंस काय तुका सुतक. हातातली काडी खाला ठेवची पडली असती, तोरण काढचा पडला असता. वर्सभर करत इल्लंस. माका धीर झालो नाय."

ही आपली जुनी रीत. भावकीतलं माणूस गेलं की सुतक लागतं ते कानावर पडल्यापासून. ऐकलं नाही तोवर ते नाही. म्हणून तर लग्नघरापासून, चवथीच्या घरापासून अशी बातमी माणसं पदराखाली झाकतात, दिवस पार पाडतात आणि मग हळूच सांगतात. बाबलीला फोन आला, त्याला सुतक लागलं. म्हणून सोप्यावरचं झोपणं, देवपूजा नाही, मासे नाहीत, दाढी नाही, पायरी नाही. म्हणून मोबाईल काढून घेतला, भावकीचे निरोप त्यावर येतील म्हणून. म्हणून वत्सला तोरण बाहेरच्या मांडवात लावायला सांगत होती, म्हणजे बातमी फुटलीच तर ते कोणाला उतरवायला लागू नये. प्रभावतीने आयुष्यात अशा पाच-सहा बातम्या स्वतः झाकल्या होत्या. ही लक्षणं शेजारच्या घरात दिसली असती तर तिने चुलीपाशी बसून ओळखली असती. स्वतःच्या घरात ओळखली नाहीत, कारण ती भलतंच शोधत होती.

बाबलीने खिशातून मलमलीची पुडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. आता दोघंही एकाच सुतकातली, शिवायला हरकत नव्हती.

फडक्यात पोपटाचं डोकं होतं. हिरव्या मण्यांचं, डोळ्याला काळा मणी, आणि तांबड्या मण्यांची चोच, बरोबर आत वळलेली. ओवण थोडी सैल होती, पडून केल्यासारखी. खाली हातभर दोरा सोडलेला आणि दोऱ्याला सुई तशीच अडकवलेली.

"वत्सला हॉस्पिटलात गेल्ली तेव्हा तिणी दिल्यान," बाबली म्हणाला. "चोच सांगून कळूची नाय, करून धाडतंय, म्हणाली. जोडूचा काम प्रभाचा. वत्सला तुका त्याच दिसा देतली होती, पण तू विचारतलंस, थोरली आसा खंय, कशी आसा. तिका खोटा बोलूक येणा नाय."

प्रभावतीने पुडी मुठीत धरली. "गाडी बेगीन चलव रे," ती ड्रायव्हरला म्हणाली. तो आधीच जोरात चालवत होता.

तिकडे चोपड्याला तिच्या मागे काय झालं ते तिला पुष्कळ दिवसांनी कळलं. गाडी वळणावर गेली तशी वत्सला बाकड्यावर चढली आणि तिने तोरण सोडवून बाहेरच्या मांडवात बांधलं, रीतीप्रमाणे. झेंडूची माळ काढून टाकली. मधली जागा तिने रिकामी ठेवली, मोर लावला नाही, आणि दिवसभर चहाच्या पिंपाजवळ उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली की हे दोघी जावांचं काम आहे, दुसरी चोच व्हायची आहे.

कारापूरला पोचेपर्यंत उशीर झाला होता. अंगणात शेणपाणी शिंपडलेलं, ओलं होतं. पुरुष एकही नव्हता. बायका भिंतीला टेकून बसलेल्या. थोरलीची सून रूपाली दारात आली, प्रभावतीला बघितलं आणि तिचा बांध फुटला.

"काकी, आत्ताच काढली. बाबांनी थांबवलं होतं हो, थोडा वेळ. भट थांबेनात."

प्रभावतीने पाय धुतले आणि ती आत गेली. थोरलीला जिथे ठेवलं होतं ती जागा सारवून घेतली होती. तिथे पिठावर एक पणती पेटवून ठेवली होती. वाऱ्याने म्हणा, घाईने म्हणा, तेल तळाला गेलं होतं आणि वात चरचरत होती.

"तेल घाल गो कोणतरी," कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली.

रूपाली आतून बाटली घेऊन आली. घरचंच खोबरेल, काचेच्या बाटलीत. प्रभावतीने हात पुढे केला आणि बाटली घेतली. ती खाली बसली. एका मुठीत पुडी तशीच होती, म्हणून दुसऱ्या हाताने बाटली कलती केली. पणती भरली, काठाला आली, तेल पिठावर उतरायला लागलं.

"जपून घाल, बाये," म्हातारी म्हणाली. "धा दीस पुरवचा आसा."

"मी आणखी हाडीन," प्रभावती म्हणाली. "आता मोजूचा नाय." आणि ती ओतत राहिली.